पाटील 'उचला' म्हणेपर्यंत

आमच्या नांदखारमध्ये माणूस वारला की डॉक्टर दाखला देतो, शववाहिनी दारात येऊन उभी राहते, गॅसच्या दाहिनीची वेळ फोनवर ठरते. तरी तिरडी हलत नाही. पाटील यायचा असतो.

पाटील येतो, चपला उंबऱ्याबाहेर काढतो आणि प्रेताच्या उजव्या अंगाला उभा राहतो. आधी चेहरा बघतो, मग मान, मग दोन्ही हात, शेवटी पाय. हा क्रम ठरलेला आहे. सगळं मिळून अर्धं मिनिट लागतं. मग तो कुणाकडेही न बघता एकच शब्द म्हणतो, "उचला." त्या शब्दावर चार माणसं खाली वाकतात.

टॉवरमध्ये राहायला आलेल्या लोकांना वाटतं, हा पाटलाचा मान आहे. गावातल्या तरुण पोरांनाही तसंच वाटतं. पण मुळात हा मान नव्हता, ही तपासणी होती. पोलीस पाटील हा सरकारने नेमलेला गावातला माणूस. कुणाचं मरण संशयाचं वाटलं तर चौकीला कळवणं हे त्याचं काम. जुन्या काळी चौकी दोन तासांच्या पायवाटेवर होती आणि एकदा चिता पेटली की विचारायला काही उरत नव्हतं. म्हणून कुठल्या तरी जुन्या पाटलाने नियम घालून दिला की मी बघितल्याशिवाय प्रेत हलवायचं नाही. पुढे कारण लोकांच्या डोक्यातून गेलं आणि शब्द तेवढा राहिला.

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका बुधवारी दगडू म्हात्रे वारला. वय पंचावन्न. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि कप हातातच राहिला. शेजारच्या डॉक्टरांनी तपासून दाखला दिला. त्यात संशयाचं काही नव्हतं. साडेदहाला तिरडी बांधून झाली. पावणेअकराला पोपटकाका आले, म्हणजे आमचे पाटील, पोपट काळू भोईर. उजव्या अंगाला उभे राहिले. चेहऱ्यावर वाकले. आणि वाकलेले तसेच थांबले.

मग ते सरळ झाले, मागे वळले, चपला पायात घातल्या आणि काही न बोलता आपल्या घरी निघून गेले.

अंगणात आम्ही साठ-सत्तर जण उभे होतो. कुणालाच कळलं नाही की आता काय करायचं.

*

पोपटकाकांचं वय तेव्हा बहात्तर. वडील काळू पाटील वारले त्या वर्षी, १९८३ मध्ये, त्यांची नेमणूक झाली. मॅट्रिक पास, अक्षर चांगलं, अंगाने दणकट. खाडीकाठी त्यांची भाताची खारी शेती होती. उधाणाच्या भरतीला खाडीचा बांध फुटायचा, त्याला आमच्याकडे खांड पडणं म्हणतात. खांड पडली की पाटलाने बांधावर उभं राहून हाक द्यायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन पळत यायचा. काकांची हाक तीन शेतं ओलांडून जायची असं म्हातारे सांगतात. आता त्या शेतांवर बावीस मजल्यांच्या चार इमारती आहेत आणि बांधाच्या जागी पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक आहे. काका सकाळी त्याच ट्रॅकवर चालायला जायचे. एका ठराविक वळणावर ते पाय आपटून बघायचे. तिथे खांड पडायची.

साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले. तोवर गाव महापालिकेत गेलं होतं, त्यामुळे त्यांच्या जागी कुणाची नेमणूक झाली नाही. घरावरची 'पोलीस पाटील' ही लाल पाटी त्यांनी स्वतः उतरवली आणि माळ्यावर ठेवली. पण मयतीची बोलावणी काही थांबली नाहीत. लोक म्हणायचे, "पाटी उतरली म्हनून मानूस उतरला काय?"

एकदा तर टॉवरमधले साताऱ्याकडचे एक निवृत्त मास्तर वारले. तिरडी बांधायला गावातली पोरं गेली होती. त्यांनी सवयीने काकांना बोलावलं. गेटवरच्या वॉचमनने काकांपुढे वही सरकवली. नाव, फ्लॅट नंबर आणि येण्याचं कारण. काकांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'उचला'. ती वही बघून सोसायटीच्या सेक्रेटरीने वॉचमनला झापलं. पुढे महिनाभर पोरं काकांना "उचला पाटील" म्हणून चिडवत होती. काकाही हसायचे. "तुमचा नंबर येल तवा कलेल," म्हणायचे.

पण त्यांच्या शब्दावर गाव उगाच थांबत नव्हतं. १९९४ मध्ये त्यांचा सख्खा चुलतभाऊ वारला. घरातले म्हणाले, झोपेत गेला. काकांनी हात बघितले. उजव्या पंजावर चटका होता, कडा पांढरी पडलेली. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "उचलू नका." चार तास प्रेत तसंच राहिलं. चौकीतून हवालदार आला, पंचनामा झाला. मोटारपंपाची चोरून जोडलेली वायर निघाली. त्यात पुतण्याला चौकीच्या फेऱ्या माराव्या लागल्या आणि त्या घराने काकांशी सात वर्षं बोलणं टाकलं. तरीही नंतर गावातलं प्रत्येक घर म्हणायचं, पोपट पाटलाने बघितलं म्हणजे बघितलं.

असा माणूस दगडू म्हात्रेच्या प्रेतावरून न बोलता निघून गेला. कारण तो वाकला तेव्हा उशाशी बसलेल्या मुलीने हळूच विचारलं होतं, "आईच्या वेळी पण तुम्हीच होतात ना?"

*

ती दगडूची एकुलती एक मुलगी, संचिता. वय सत्तावीस. ठाण्यात नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. चार वर्षांची असताना तिची आई मंजुळा वारली. तेराव्यानंतर मामा तिला घेऊन गेले. मामा एसटीत मेकॅनिक, खोपटच्या डेपोजवळ राहायचे. तिथेच ती वाढली. बापाला ती वर्षातून एकदा भेटायची, गावदेवीच्या जत्रेला. तेही पुढे बंद झालं.

मंजुळा फेब्रुवारी २००१ मध्ये गेली. वय सव्वीस. काविळीने गेली, असं घरातून सांगितलं. आठ दिवस ती अंथरुणाला होती हे शेजारणींनाही माहीत होतं. गावठी औषध चालू होतं. एका सकाळी दगडूची आई रखमाबाई रडत ओट्यावर आली.

आमच्याकडे नवरा मागे ठेवून बाई गेली तर तिला नवरीसारखं सजवतात. हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, आणि तोंडाला, मानेला, हातापायांना हळद. मंजुळालाही तशीच हळद लावली होती. पोपटकाका तेव्हा पन्नाशीला आले होते. ते आले, उजव्या अंगाला उभे राहिले, आणि त्यांनी आपल्या क्रमाने बघितलं. मग म्हणाले, "उचला."

गावाच्या लेखी एवढंच झालं होतं.

*

काका घरी जाऊन ओटीवरच्या बाकावर बसले. शालनकाकूंनी पाणी दिलं. पुढचं सगळं मला काकूंनी सांगितलं. त्या दारातच होत्या.

"झाला काय?" काकूंनी विचारलं.

"नाय."

"मंग आलात कसं?"

काकांनी तांब्या बाकावर ठेवला. तेवढ्यात दगडूचा पुतण्या सुमित बाइक लावून आत आला. दगडूच्या मागे घरातलं सगळं तोच बघत होता. हातात मोबाइल, कानाला सारखा लागलेला.

"काका, काय राव तुम्ही! साडेअकराचा स्लॉट आहे. गेला तर डायरेक्ट तीन वाजता. ड्रायव्हर हॉर्न मारतोय तिथे."

"जा घिऊन मंग. डाक्टरचा कागद हाय ना?"

"अहो, कागद आहेच. पण लोक हात लावत नाहीयेत ना! ते तिरडी बांधणारे भाऊ गायकर म्हणतात, पाटील बोललं नाय, आमी शिवनार नाय. आता काय करू मी? तुम्हाला तिथे काही दिसलं का? दिसलं असेल तर सांगा ना सरळ. हार्ट अटॅक आहे, साधा."

"दगडूत काय नाय," काका म्हणाले. "दगडू साफ हाय."

"मग बोला ना एक शब्द! इथूनच बोला, मी व्हॉइस मेसेज टाकतो ग्रुपवर."

शालनकाकूंना अशा वेळीही हसू आलं. काका हसले नाहीत. "ती पोर काय बोलली का तुना?" त्यांनी विचारलं.

"कोण, संचिता? ती काय बोलणार. दहा वर्षांत दोनदा आली. आता येऊन बसलीय उशाशी. आज्जीला हात लावून देत नाहीये."

"तिला पाठव."

"काका, स्लॉट..."

"तिला पाठव, सुमित."

हे ते ज्या आवाजात म्हणाले तो बांधावरचा आवाज असावा. सुमित बाइक तिथेच ठेवून चालत गेला.

*

संचिता आली तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या. जीन्स, कुर्ता, ओढणी कमरेला गाठलेली. ती ओटीच्या पायरीवर उभी राहिली. काकू मला म्हणाल्या, "मंजुलाच आली असा वाटला रं. तशीच मान."

"बस, बाय," काका म्हणाले.

"नको. मी काही भांडायला आले नाही, पाटीलकाका. मला फक्त एक गोष्ट विचारायची होती. तिथे विचारायला नको होती, सॉरी. मामा गेल्या वर्षी आजारी होते. तेव्हा बोलता बोलता म्हणाले, तुझ्या आईची मान आम्हाला बघू दिली नाही. बाकी काहीच बोलले नाहीत. दिवाळीत ते पण गेले. आता कुणाला विचारू?"

काका बाकाच्या फळीवरून हात फिरवत राहिले.

"मी लॅबमध्ये काम करते," ती म्हणाली. "माझ्याकडे सॅम्पल येतं, मी रिपोर्ट देते. मला जे दिसतं तेच मी लिहिते. बाबांच्या अंगणात सगळे म्हणतात की तुम्ही पण तसंच करता. म्हणून विचारते. तुम्हाला काय दिसलं होतं?"

काकू म्हणतात, दूरवर शववाहिनीचा हॉर्न तीन वेळा ऐकू आला.

"हलद," काका शेवटी म्हणाले.

"हळद काय?"

"तोंडावर पातल व्हती. हातांवर पातल. गल्यावर जाड. येका अंगाला बोटभर जाड, लिंपल्यासारी. उन्हानी सुकली व्हती, भेग परलेली. भेगेतून काला दिसला."

"काय काळं?"

"वल. दोरीचा असल, कापडाचा असल. कानाच्या मागं वर गेल्ता." वळ कुठवर होता ते त्यांनी आपल्या मानेवर बोट ठेवून दाखवलं आणि पटकन बोट काढून घेतलं.

संचिता पायरीवर बसली. काकू तिच्याकडे जायला निघाल्या तर तिने हाताने थांबवलं.

"आणि तुम्ही 'उचला' म्हणालात."

"हो."

"का?"

काकांनी जे सांगितलं ते असं. मान बघितली, हातांवरून नुसती नजर फिरवली आणि त्यांनी वर पाहिलं तर समोर रखमाबाई उभी होती आणि तिच्या कडेवर चार वर्षांची संचिता होती. पोरीच्या हातात बिस्कीट होतं. रखमाबाई रडत नव्हती. तिने काकांच्या नजरेत बघितलं आणि पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, जणू काही त्यांना नीट दिसावी म्हणून. म्हणाली, "पाटील, आय गेली हिची. आता बापच काय तो हाय." बस, एवढंच. धमकी नाही, विनवणी नाही. आणि काकांच्या मनात आलं की चौकीचा माणूस आला तर दगडू आत जाणार, म्हातारीही जाईल, मग या पोरीला कोण? घर मोडेल. आपण पाटील आहोत, घरं राखायला आहोत.

"मना वाटला, मी तुना राखली," काका म्हणाले. "तेराव्याला तुजा मामा तुना घिऊन गेला. तवा मना कलला, मी काय राखलाच नाय."

"बाबांनी मारलं का तिला?"

"मना म्हाईत नाय."

"की तिने स्वतः..."

"म्हाईत नाय, बाय."

"म्हणजे काय? तुम्ही बघितलंत ना?"

"वल बगितला. तो कसा झाला त्ये बगनारी मानसा येगली असतात. डाक्टर, पोलीस. त्यांना बोलवायचा माजा काम व्हता. मी बोलवला नाय. दोन तासांनी काय उरला नाय. आता कोनालाच कलनार नाय. मना बी नाय, तुना बी नाय." आणि मग ते म्हणाले, "दगडूलाच म्हाईत व्हता. तो बी आज गेला."

संचिताने तोंडावर हात घेतला. ती रडली नाही. लॅबमध्ये नळी फुटली तर माणूस जसा आधी हालचाल थांबवतो, काच कुठे कुठे उडाली ते बघतो, तशी ती बसून राहिली. नंतर म्हणाली, "मी आयुष्यभर त्या माणसाचा राग करायचा की नाही, हे मला ठरवता येणार नाही. हे तुम्ही केलंत."

"हो," काका म्हणाले.

शालनकाकूंनी तेव्हा पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं. ही तेवीस वर्षं त्या एकाच घरात राहत होत्या आणि यातलं अक्षर त्यांना माहीत नव्हतं. मंजुळाला हळद लावणाऱ्या बायकांतही त्या नव्हत्या. त्या दिवशी त्या माहेरी, दिवा गावी होत्या. "माज्यापासून बी लपवला," एवढंच त्या म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या उचलून आत गेल्या.

*

काका उठले. टोपी नीट केली. "चल," ते संचिताला म्हणाले.

साडेअकराचा स्लॉट गेला होता. सुमितने फोन करून तीनचा घेतला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. माणसं सावली धरून बसली होती. काका आत आले तशी उभी राहिली. भाऊ गायकर चौघांना म्हणाले, "या रं, धरा." चौघं पुढे सरकली.

काकांनी चपला काढल्या. उजव्या अंगाला उभे राहिले. चेहरा बघितला, मान बघितली, हात बघितले, पाय बघितले. सगळं नेहमीच्या क्रमाने. मग ते पहिल्यांदाच प्रेताकडे पाठ करून लोकांकडे वळले.

"दगडूत काय नाय," ते म्हणाले. "पन याच जागंवर, याच दारात, मी मंजुलाला 'उचला' म्हंटला. म्हनायला नको व्हता. तिच्या गल्यावर वल व्हता. मी बगला आन गप बसलो. कावीलीनी गेली का नाय, मना म्हाईत नाय. पन वल व्हता."

मग आतून आवाज आला. ऐंशी वर्षांची रखमाबाई भिंतीला धरून दारात आली होती.

"मेल्या पोपट्या! माजा पोर भुईवर परलाय आन तू त्याच्या अंगावर चिखल टाकतंस? तेवीस वर्सा तोंड शिवला व्हतास, आज सुटला व्हय?"

"आज सुटला, वैनी," काका म्हणाले. "उशिरा सुटला."

"हलद मी लावली!" म्हातारी किंचाळली. "मी लावली, माज्या हातांनी लावली! सुनेची आब राखली मी! लोकांनी काय बोलला असता? तिनी काय केला त्ये तिला म्हाईत, मी सकाली बगला तवा..." आणि ती थांबली. भिंत धरून खाली बसत गेली. सुमितने तिला सावरलं. तो म्हणाला, "आज्जी, बास, बास कर आता," आणि मग आमच्याकडे वळून ओरडला, "काका, माणूस मेलाय इथे! हा टाइम आहे का?"

सुमितचं चुकत नव्हतं. ती वेळ नव्हतीच. पण त्या गोष्टीची वेळ २००१ मध्ये होती आणि ती गेली होती.

"आता 'उचला' म्हना, पाटील," भाऊ गायकर खालच्या आवाजात म्हणाले. "झाला त्ये झाला. दिवस वर आलाय."

काकांनी मान हलवली. "माजा सबद संपला. आता मी म्हननार नाय. याच्यावर बी नाय, कोनावर बी नाय."

चौघं तिरडीपाशी उभी होती, ती तशीच राहिली. कुणी वर बघेना. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मी घड्याळात बघायला हवं होतं, पण बघितलं नाही.

मग संचिता पुढे आली. तिने बापाच्या चेहऱ्यावर वाऱ्याने आलेलं कापड बाजूला केलं आणि चेहऱ्याकडे बघत राहिली. प्रश्न विचारल्यासारखं. उत्तर येणार नव्हतं, पण तिने पूर्ण वेळ घेतला. मग कापड नीट केलं.

"उचला," ती म्हणाली.

आमच्या गावात बाईने हा शब्द म्हटलेला कुणी ऐकला नव्हता. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. भाऊ गायकर म्हणाले, "उचला रं." तिरडी उचलली गेली.

*

संचिताने पुढे चौकीत अर्ज दिला. काका स्वतः तिच्याबरोबर गेले, जबाब लिहून दिला, खाली सही केली, आणि सहीखाली सवयीने 'पोलीस पाटील, नांदखार' लिहिलं. अधिकाऱ्याने ते खोडायला सांगितलं. त्याने अर्ज घेतला, शिक्का मारला. म्हणाला, "आजोबा, बॉडी नाही, कागद नाही, आरोपी मेलेला, आणि आरोपी आहे का हेच माहीत नाही. मी काय तपासू?" काकांनाही त्याचं म्हणणं पटलं. त्यांनी सहीखालचं पद खोडलं आणि साधं नाव लिहिलं.

रखमाबाईकडून एक शब्द निघाला नाही. त्या दिवशी "तवा" म्हणून ती जिथे थांबली तिथेच थांबली. मे महिन्यात ती गेली. सुमितने गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता की यापुढे डॉक्टरांचा दाखला मिळाला की वेळ न घालवता अंत्ययात्रा निघेल, सहकार्य करावे. चाळीस अंगठे आले. तिची तिरडी कुणासाठी थांबली नाही. काका टोपी घालून ओटीवर बसले होते. यात्रा घरावरून गेली तेव्हा ते उभे राहिले. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही, काही जणांनी मुद्दाम बघितलं नाही. चुलतभावाच्या घराने सात वर्षं बोलणं टाकलं होतं तेव्हा काका ताठ चालायचे. आता तसं नाही. जॉगिंग ट्रॅकवर जाणंही त्यांनी सोडलं.

शालनकाकू जेवायला वाढतात, औषधं देतात. पण ताट ठेवून आत जातात, आधीसारख्या समोर बसत नाहीत.

फोन करते ती एकटी संचिता. पंधरा-वीस दिवसांतून एकदा, रविवारी सकाळी. तब्येत विचारत नाही. तिच्याकडे प्रश्न असतात, बहुतेक लिहून ठेवलेले.

"हातांवर काही खरचटलं होतं का?"

"हात बगले. चुडा व्हता कोपरापर्यंत. चुड्याखाली नाय बगला."

"डोळे?"

"मिटलेलं व्हतं. उघरून नाय बगलं."

"पाय बघितलेत ना? पाय तुम्ही बघताच."

"त्या दिवशी नाय बगले, बाय. हातांच्या फुडं गेलोच नाय."

प्रत्येक वेळी ती "बरं" म्हणते. कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज येतो. फोन ठेवल्यावर काका बराच वेळ डोळे मिटून बसतात, मंजुळाच्या वेळच्या त्या अर्ध्या मिनिटात परत शिरायचा प्रयत्न करतात.

मागच्या महिन्यातल्या रविवारी मी तिथेच होतो. फोन स्पीकरवर होता. तिने नेहमीचे एक-दोन प्रश्न विचारले आणि मग थांबली. म्हणाली, "हा प्रश्न तसा कामाचा नाही. माझ्याकडे आईचा एकच फोटो आहे, लग्नातला. त्यात केसांत अबोलीचा गजरा आहे. मामी म्हणायची, तिला अबोली फार आवडायची. त्या दिवशी तिच्या केसांत होता का गजरा?"

काकांचा चेहरा उजळला. "व्हता," ते लगेच म्हणाले. "व्हता, बाय. अबोलीचाच. ताजा."

पलीकडे कागदावर पेन चाललं. मग ती म्हणाली, "थँक यू, काका." पहिल्यांदाच. फोन बंद झाला.

काका फोन हातात धरून बसले. काकू दारात उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. काकू बघत राहिल्या आणि मग आत गेल्या.

पाच मिनिटं गेली असतील. काकांनी फोन माझ्याकडे दिला. "लाव तिला."

मी लावला. ती "हॅलो, काय झालं?" म्हणाली.

"बाय," काका म्हणाले. "त्या गजऱ्याचा... मी तुना बरा वाटावा म्हनून बोललो. डोक्यावरून पदर व्हता. केस दिसलंच नाय. गजरा मी बगला नाय."



"बरं," संचिता म्हणाली. आणि कागदावर खोडल्याचा आवाज आला.